भीष्माची तहान

दिवाळीच्या सुट्टीत रात्रीची जेवणे आटोपली, की आमचे आजोबा ओसरीवर कंदिलाची वात बारीक करून बसत आणि आम्हां मुलांना महाभारत सांगत. भीष्मपर्वाची पाळी आली, की मी हटकून आडवा येत असे. शरशय्येवर पडलेल्या भीष्मांना तहान लागते. जमलेले राजे थंड पाण्याचे घडे घेऊन धावतात. पण पितामह ते पाणी नाकारतात आणि अर्जुनाला बोलावतात. अर्जुन रथातून त्यांना प्रदक्षिणा घालतो, अस्त्र मंत्रून त्यांच्या उजव्या बाजूस भूमीत बाण मारतो, आणि तेथून निर्मळ पाण्याची धार उसळून वर येते. एवढे ऐकले, की मी विचारी, "पण आजोबा, पाणी आपलं आपण वर कसं येईल? आपल्या आडाचं तर येत नाही!"

माझा प्रश्न अनुभवाचा होता. आमच्या आडाला चाळीस हात दोर लागे, आणि उन्हाळ्यात त्यालाही गाठ मारून पुरवणी जोडावी लागे. आजोबा रागावत नसत. "अर्जुनाला ठाऊक होतं, बाण कुठं मारायचा ते," एवढे म्हणून ते पुढच्या कथेला लागत.

पुढे शिक्षणासाठी मुंबईस गेलो, तेव्हा वाळकेश्वरची बाणगंगा पाहिली. तेथेही तीच कथा. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला तहान लागली, बाण मारला आणि खाऱ्या समुद्राच्या उशाशी गोडे पाणी उगवले. तोवर मी कॉलेजात चार पुस्तके वाचली होती. तहानलेल्या देशातल्या लोकांनी आपल्या इच्छेला दिलेले हे पौराणिक रूप, असा निकाल देऊन मी मोकळा झालो. हा निकाल माझ्यापुरता साठ वर्षे टिकला. तो फिरला एका परक्या देशातील वाळवंटात, २०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात.

आमची कन्या दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेड शहरी असते. तिकडचा ऑगस्ट म्हणजे हिवाळ्याची अखेर. जावईबापूंनी आठ दिवसांची रजा काढली आणि आम्ही उभयता, ती दोघे आणि दहा वर्षांचा नातू असे मोटारीने उत्तरेकडे निघालो. पहिल्या दिवशी गव्हाची शेते होती. दुसऱ्या दिवशी ती संपली, मग झाडे संपली, आणि मारी नावाच्या लहानशा वस्तीपुढे डांबरी सडकही संपली. पुढे तांबूस मुरमाचा रस्ता, दोन्ही हातांना सपाट दगडाळ माळ, आणि क्षितिजाला चिकटलेले मृगजळ. या मुलखात वर्षाला सहा-सात इंच पाऊस पडला तर नशीब. उलट उघड्यावर ठेवलेले पाणी सूर्य वर्षाकाठी आठ-नऊ फूट खोलपर्यंत शोषून घेईल. उत्तरेला काटी थांडा, म्हणजेच लेक एअर, हे देशातले सर्वांत मोठे सरोवर आहे खरे. पण बहुतेक काळ ते मिठाचे पांढरे पटांगण असते. आमच्या माणदेशातला दुष्काळी माळही या देखाव्यापुढे सुपीक वाटावा!

मारीपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर गेल्यावर एक फाटा फुटला. "वाब्मा कडारबू" अशी पाटी होती. १९९६ पासून हे सरकारी संरक्षित उद्यान आहे. उद्यान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे फुलांचे ताटवे आणि भेळेच्या गाड्या येतात. येथे त्यातले काही नाही. दोन टेकाडे, त्यांवर जाणाऱ्या फळ्यांच्या पायवाटा, एक-दोन माहितीफलक, आणि चोहीकडे ओसाड माळ. सौभाग्यवती म्हणाल्या, "हे बघायला दोन दिवस हाडं खिळखिळी केलीत?"

पहिल्या टेकाडावर चढलो आणि आम्ही सगळेच गप्प झालो. माथ्यावर काठोकाठ भरलेले वाटोळे तळे होते. उतरणीच्या पायथ्याशी नव्हे, तर उंचवट्याच्या शेंड्यावर! कडेने हिरवा लव्हाळा, त्यात वाऱ्याची झुळूक, आणि एका कडेने पाणी हळूच ओसंडून खाली माळावर हिरवी रेघ ओढीत चाललेले. याचे नाव ब्लांश कप. दुसरे टेकाड जवळच आहे, त्याला बबलर म्हणतात. तेथे डोहाच्या तळाची वाळू शिजत्या पिठल्यासारखी खदखदते. मधूनच आतून एक मोठा वाळूचा बुडबुडा फुगून येतो, फुटतो, वर्तुळे काठापर्यंत जातात, आणि क्षणभर सारे शांत होते. नातू फळ्यांवर पालथा पडून पुढच्या बुडबुड्याची वाट पाहू लागला. मी पाण्याकडे पाहत उभा राहिलो. दोर नाही, रहाट नाही, पंप नाही. पाणी आपले आपण वर येत होते. साठ वर्षांपूर्वी आजोबांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यासमोर खदखदत होते.

हा प्रदेश अरबाना लोकांचा. हजारो वर्षे ते या झऱ्यांच्या आधाराने येथे राहत आले, आणि २०१२ साली तेथील न्यायालयाने या भूमीवरील त्यांचा परंपरागत हक्क मान्य केला. या दोन टेकाडांची त्यांची स्वतःची कथा आहे. एक पूर्वज एका प्रचंड सर्पाचा माग काढीत आला आणि त्याने बबलरपाशी त्याला गाठून मारले. मुंडके तोडून फेकले, ती समोर दिसणारी मोठी टेकडी. वाब्मा कडारबू म्हणजेच सापाचे डोके. धड ज्या भट्टीत भाजले, तो ब्लांश कप. आणि बबलरमधली खदखद ही त्या मरणाऱ्या सर्पाची तडफड. यमुनेच्या डोहातला कालिया ज्यांनी लहानपणी ऐकला आहे, त्यांना ही कथा परकी वाटणार नाही. कोरड्या जमिनीतून जिवंत पाणी हलताना पाहिले, की माणसाला खाली कोणीतरी जिवंत आहे असेच वाटते.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. त्यासाठी वाचकांना ऑस्ट्रेलियातून क्षणभर पुण्यास आणतो. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला आणि तेथले पाणी जमिनीखालच्या बंदिस्त नळातून शहरात आणले. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले. शहरातल्या हौदांना ते पाणी मिळे आणि शनिवारवाड्यातही ते खेळे. कात्रज उंचावर आणि शहर सखल असल्यामुळे हे साधले. पाण्याला आपली पातळी गाठायची ओढ असते. दोन्ही बाजूंनी कोंडलेल्या पाण्याला वाट मिळाली, की ते उगमाच्या उंचीकडे उसळी घेते. गच्चीवर टाकी असली, की तळमजल्याचा नळ जोरात येतो, तेच हे.

ऑस्ट्रेलियाच्या पोटात निसर्गाने असाच एक नळ घातला आहे; फक्त तो नळ देशाएवढा आहे. पूर्व किनाऱ्याला समांतर असलेल्या डोंगररांगेत वालुकाश्माचे थर उघडे पडले आहेत. पावसाचे पाणी त्यांत मुरते. हे थर पश्चिमेकडे खाली कलत जातात आणि त्यांच्यावर चिकणमातीच्या खडकाचे जाड झाकण बसलेले आहे. दहा-बारा कोटी वर्षांपूर्वी तेथे उथळ समुद्र पसरला होता, त्याच्या तळाचा हा गाळ. खालीही घट्ट खडक आहे. करंजीच्या दोन पाऱ्यांमध्ये सारण असावे, तसे या दोन थरांमध्ये पाण्याने भरलेले वालुकाश्म आहेत. या करंजीचे क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साडेपाच पट. काही ठिकाणी खोली ३,००० मीटरपर्यंत जाते. आत किती पाणी आहे, याचा तेथील शास्त्रज्ञांचा अंदाज आहे सुमारे ६४,९०० घन किलोमीटर. आकडा डोक्यात बसत नसेल, तर काठोकाठ भरलेली उजनीसारखी एकोणीस-वीस हजार धरणे डोळ्यांपुढे आणावीत.

हे पाणी वाळूच्या कणांमधून वाट काढीत वर्षाला एक ते पाच मीटर सरकते. गोगलगाय यापेक्षा अधिक अंतर एका तासात तोडील! पश्चिमेच्या कडेला, झाकण पातळ झाले आहे किंवा भेगाळले आहे तेथे, ते फटीतून वर येते. या प्रवासाला लाखो वर्षे लागतात. या साठ्यातील काही पाण्याचे वय वीस लाख वर्षांच्या घरात निघाले आहे. ते ढगातून पडले, तेव्हा आजच्या रूपातला माणूस पृथ्वीवर नव्हता. येताना ते विरघळलेले क्षार घेऊन येते. तोंडाशी क्षार साचतात, त्यावर उडती वाळू बसते, लव्हाळ्याची मुळे ती धरून ठेवतात, आणि झरा आपल्याभोवती आपणच टेकडी बांधतो. टेकडी फार उंच झाली किंवा खालचा जोर कमी झाला, की झरा माथा गाठू शकत नाही आणि मरतो. सापाचे डोके समजली जाणारी ती टेकडी म्हणजे असा एक पुरातन मेलेला झरा. ब्लांश कपपेक्षा ती कितीतरी उंच आहे. कोणे एके काळी खालचा जोर किती दांडगा होता, त्याची ती खूण आहे.

अशा पाण्याला आर्टेशियन म्हणतात. नाव फ्रान्समधील आर्त्वा प्रांतावरून पडले. तेथे लिलेर गावी ख्रिस्ती संन्याशांच्या मठात ११२६ साली अशी उसळती विहीर खोदली गेली. पुढे पॅरिसमध्ये ग्रनेल येथे म्यूलो नावाच्या कारागिराने सात वर्षांहून अधिक काळ छिद्र पाडले. हत्यारे तुटली, लोक हसले. पण शास्त्रज्ञ आरागो पाठीशी उभा राहिला, आणि फेब्रुवारी १८४१ मध्ये ५४८ मीटर खोलीवरून कोमट पाणी उसळले. आपल्याकडेही हा विचार नवा नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत 'दकार्गल' नावाचे प्रकरण लिहिले. माणसाच्या अंगात शिरा असाव्यात, तशा भूमीत पाण्याच्या शिरा असतात, असे तो सांगतो, आणि वारूळ, झाडे, माती यांवरून त्या कशा ओळखाव्या हेही सांगतो. गावोगावच्या पाणाड्यांचा तो मूळपुरुष!

असो. पुन्हा त्या टेकाडावर येऊ. कारण तेथल्या इतिहासात मला आपल्या मुंबई इलाख्याची माणसे भेटली.

१८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने उत्तरेचा मुलूख शोधण्यासाठी बॅबेज नावाच्या गृहस्थाला पाठविले होते. गणकयंत्राचा आद्य कल्पक चार्ल्स बॅबेज, त्याचा हा मुलगा. काम फार सावकाश चालले आहे म्हणून सरकारने त्याच्या जागी पोलीसप्रमुख मेजर वॉरबर्टनला धाडले. वॉरबर्टन या झऱ्यांपाशी पोचला आणि गव्हर्नरच्या पत्नी लेडी ब्लांश यांचे नाव त्याने त्या तळ्याला दिले. जवळच्या दुसऱ्या झऱ्याला आपल्या तुकडीतल्या कॉवर्ड नावाच्या शिपायाचे नाव दिले. अरबानांनी ठेवलेली नावे अर्थात त्याने विचारली नाहीत. हा वॉरबर्टन मूळचा कोण? मुंबईच्या सैन्यातला अधिकारी! हिंदुस्थानात जवळजवळ दोन दशके चाकरी करून १८५३ मध्ये तो ऑस्ट्रेलियात गेला होता.

पुढच्याच वर्षी जॉन मॅकडुअल स्टुअर्ट आला. पुरात ओढा ओलांडताना आपण एका दगडावरून दुसऱ्यावर पाय टाकतो, तसा तो एका झऱ्यावरून दुसऱ्या झऱ्यावर पाय टाकीत वाळवंटात शिरला. अनेक फेऱ्यांनंतर १८६२ च्या जुलैत त्याने उत्तरेचा समुद्र गाठला. परतताना तो जवळजवळ आंधळा झाला होता आणि दोन घोड्यांमध्ये झोळी बांधून त्याला आणावे लागले. त्याच्या मागाने १८७२ साली सुमारे ३,२०० किलोमीटर लांबीची तारायंत्राची तार गेली. तोवर लंडनचे पत्र ॲडलेडला जहाजाने महिन्यांनी पोचे; आता बातमी तासांत येऊ लागली. आणि ती येई कोणत्या वाटेने? सुएझ, एडन, मुंबई, मद्रास, सिंगापूर, जावा आणि मग या झऱ्यांच्या कडेने! मुंबईच्या तारघरात खटखटलेला संदेश या ओसाड माळावरून धावत होता.

पिठाची पोती, लोकरीचे गठ्ठे वाहण्यास घोडे-बैल पुरेनात. म्हणून टॉमस एल्डर या धनिकाने कराचीहून उंट मागविले. १८६६ च्या आरंभी शंभराहून अधिक उंट आणि एकतीस उंटवाले पोर्ट ऑगस्टाला उतरले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. तिकडचे लोक या सर्वांना सरसकट 'अफगाण' म्हणत. प्रत्यक्षात त्यांत बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण असे सगळे होते. मारीला त्यांनी मातीच्या भिंतींची मशीद बांधली होती. तिची प्रतिकृती आज तेथे उभी आहे. १८७३ मध्ये वॉरबर्टन साठीच्या उंबरठ्यावर असताना पश्चिमेचे वाळवंट ओलांडण्यास निघाला, तो एल्डरच्याच उंटांवर. सतरा उंटांपैकी दोन उरले. बाकीचे मेले, हरवले किंवा माणसांच्या पोटात गेले. साहले आणि हलीम हे दोन उंटवाले त्याच्याबरोबर होते. पुस्तकांत वॉरबर्टनचे चित्र असते. या दोघांची नावे तेवढी उरली.

मग आगगाडी आली. १८८८ मध्ये रूळ कॉवर्डच्या झऱ्यापर्यंत पोचले. हाच मार्ग १९२९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला भिडला, आणि त्या उंटवाल्यांच्या नावावरून गाडीला 'घान' म्हणू लागले. १९८० मध्ये हा मार्ग बंद पडला, कारण नवा मार्ग पश्चिमेकडून काढला. जुन्या स्थानकाजवळ आम्ही मुक्काम केला. तेथे खजुरीची उंच झाडे आहेत आणि रेल्वेच्या जुन्या स्लीपरांनी बांधलेला कोमट पाण्याचा एक चौकोनी डोह आहे. ब्लांश कपच्या पाण्यात उतरण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. येथे मात्र मोकळीक होती. पहाटेच्या कडाक्याच्या थंडीत चुलाणावाचून, बंबावाचून तापलेल्या त्या पाण्यात गळ्यापर्यंत बसलो, तेव्हा उटणे तेवढे हवे होते असे वाटले.

हा डोह मात्र नैसर्गिक झऱ्याचा नव्हे. १८८६ साली रेल्वेसाठी तेथे जमिनीला छिद्र पाडले होते, त्याचे पाणी. क्षारांनी त्या विहिरीचे लोखंडी नळ खाऊन टाकले, आणि मग कित्येक दशके पाणी बेलगाम माळावर वाहत राहिले. १९९३ मध्ये ती नीट बांधून तोटी बसविली गेली. येथूनच या गोष्टीचा दुसरा, कमी आनंदाचा भाग सुरू होतो.

१८७८ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये बर्क गावाकडच्या एका मेंढ्यांच्या कुरणात भोक पाडले आणि पाणी आपोआप वर आले. अर्जुनाचा बाण आता प्रत्येकाच्या हाती आला! दर कुरणात छिद्रे पडू लागली. क्वीन्सलंडमधील थारगोमिंडा या चिमुकल्या गावाने तर त्या उसळीवर चाक फिरवून रस्त्यात विजेचे दिवे लावले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत दीड हजारांच्या आसपास विहिरी वाहू लागल्या होत्या आणि रोज सुमारे दोनशे कोटी लिटर पाणी बाहेर पडत होते. तोटी कोणी बसवीत नसे. पाणी उघड्या चरांतून मैलोगणती सोडून देत. मेंढ्यांनी यावे आणि प्यावे. त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक उन्हात उडून जाई किंवा मातीत जिरे. वीस लाख वर्षे चालत आलेले पाणी एका दुपारी वाफ होऊन जाई.

आणि हळूहळू उसळी कमी झाली. काही विहिरी थांबल्या, आणि कोणी हात न लावलेले, दूरदूरचे कित्येक झरे आटले. सगळ्यांच्या पायांखाली एकच बंद नळ होता, आणि जोर ही त्या नळाची सामाईक मिळकत होती. एकाने तोटी उघडी टाकली, की दुसऱ्याच्या झऱ्याचा जीव जाई. पण दोघांमध्ये शेकडो मैलांचे अंतर असल्यामुळे खून कोणी केला हे कोणाला कळत नसे.

झऱ्यांबरोबर जाते ते फक्त पाणी नव्हे. ब्लांश कपच्या कडेला नातवाला मी डोळ्यांत तेल घालून पाहायला लावले. तेथे मोहरीच्या दाण्याएवढ्या गोगलगाई आहेत. या झऱ्यांच्या समूहाबाहेर त्या जगात कोठेही नाहीत. चारी बाजूंनी वाळवंट, जायचे कोठे? समुद्रातल्या बेटावर अडकलेल्या प्राण्यांसारख्या त्या पाण्याच्या बेटांवर लक्षावधी वर्षे अडकून वेगळ्याच घडल्या. झरा एकदा आटला, की त्या कायमच्या गेल्या. नंतर पाणी परत आले तरी त्या येत नाहीत.

वाचक म्हणतील, परदेशच्या मेंढपाळांना नावे ठेवणे सोपे आहे. तेच सांगण्यासाठी हा लेख लिहावयास घेतला. १९८७ साली आमच्या गावी, संगमनेर तालुक्यात, आम्ही घरामागे बोअर घेतला. आमचा खडक काळा, लाव्ह्याचा. त्याच्या पोटात असला सलग नळ नाही. भेगाभेगांत जे पाणी असते तेवढेच. तरी दोनशे फुटांवर पाणी लागले. यंत्राच्या हवेने चिखलाचा फवारा छपराएवढा उडाला, तेव्हा मी पेढे वाटले. मोटार बसविली, आणि आमच्या अंगणात बारा महिने पाणी खेळू लागले. शेजारी, भिंतीला भिंत लागून, सखूआक्का राहत. त्यांचा आड आमच्या आडाहून जुना, पिढ्यान्‌पिढ्या न आटलेला. बोअर झाल्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात तो आटला. आक्का भांडल्या नाहीत. एके सकाळी कळशी घेऊन आमच्या तोटीपाशी येऊन उभ्या राहिल्या. आईने आपला हंडा बाजूला सारून त्यांची कळशी आधी भरली. पुढे आक्का असेपर्यंत रोज तेच चालले. आई याविषयी मला कधी एक शब्द बोलली नाही, आणि मी समजून घेतले नाही. पाऊस कमी झाला, काळ बदलला, असे काहीतरी मनाशी म्हणत राहिलो. पाणी आमच्या हद्दीत लागले होते. मग ते आमचेच होते!

त्या टेकाडावर, माहितीफलकापाशी, हे सगळे एकदम आठवले. फलक परक्या भाषेत होता. पण त्याचा मजकूर मला आक्कांच्या कळशीने कधीच सांगून ठेवला होता.

त्या देशाने मात्र चूक ओळखून पुढे काही केले, हेही लिहिले पाहिजे. १९९९ पासून केंद्र आणि प्रांत सरकारांनी कुरणवाल्यांबरोबर खर्च वाटून घेऊन शेकडो उघड्या विहिरींना तोट्या बसविल्या, आणि हजारो किलोमीटर उघडे चर बुजवून त्यांच्या जागी नळ टाकले. जमिनीखालचा जोर काही भागांत पुन्हा वाढू लागल्याचे दिसले, आणि मंदावलेल्या काही विहिरी जोम धरू लागल्या. वाद संपलेले नाहीत. त्याच भागातील ऑलिम्पिक डॅम ही तांब्याची आणि युरेनियमची प्रचंड खाण १९८० च्या दशकापासून याच साठ्यातून पाणी उचलते. त्याचा झऱ्यांवर काय परिणाम होतो, यावर तेथे वर्षानुवर्षे मोजमापे आणि भांडणे चालू आहेत. पण मोजमाप होते आहे आणि भांडणही उघड होते आहे, हे काही थोडे नव्हे.

निघताना नातवाने शेवटचा बुडबुडा पाहिला आणि मला विचारले, "आजोबा, भीष्मांना पाणी पाजल्यावर त्या झऱ्याचं काय झालं? अर्जुनानं तो बंद केला का?" आदल्या रात्री मी त्याला ती कथा सांगितली होती. मी साठ वर्षांपूर्वी पाणी वर कसे येते ते विचारले होते. त्याने पुढचे विचारले. महाभारतात याचे उत्तर मला सापडलेले नाही. एवढे मात्र खरे, की त्या बाणाने जे पाणी काढले, ते एका मरत्या माणसाच्या तहानेपुरते होते.

गावी परतल्यावर त्या पावसाळ्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी आमच्या नि सखूआक्कांच्या मुलाच्या, अशा दोन्ही घरांच्या पत्र्यांचे पाणी नळाने गाळणखड्ड्यात आणि तेथून त्यांच्या आडात नेण्याची सोय केली. त्यावर्षी बरा पाऊस झाला. आड तुडुंब भरला असे सांगितले, तर ती फुशारकी होईल. दिवाळीत झाकण काढून पाहिले, तेव्हा तळाशी आकाश दिसले. दीड-दोन पुरुष पाणी होते. ते मार्गशीर्ष अखेरपर्यंत टिकले, मग खाली गेले. आमचा बोअर त्या साली थोडा अधिक चालला; तो आडाच्या पुण्याईने की पावसाच्या, हे मी सांगू शकत नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे त्या आडाचे दोन हंडे पाणी काढून बंबात घातले. तेवढ्यात ॲडलेडहून फोन आला. नातवाने पहिला प्रश्न केला, "आजोबा, पाणी आपलं आपण वर आलं?"

"नाही रे बाबा," मी म्हटले, "आपल्याकडं दोर सोडावा लागतो."